कुष्ठरोग, कायदा आणि मोजणी: भारतातील सार्वजनिक आरोग्य धोरणाचा एक धडा (१८६७–२०२३)

१. प्रास्ताविक

दरवर्षी ३० जानेवारीला, म्हणजे महात्मा गांधींच्या स्मृतिदिनी, देशभर कुष्ठरोगविरोधी दिन पाळला जातो. २०१७ पासून या दिवशी 'स्पर्श' नावाची जनजागृती मोहीम सुरू होते. अनेक गावांत ग्रामसभा भरते, जिल्हाधिकाऱ्यांचा संदेश वाचून दाखवला जातो, कुष्ठरुग्णांशी भेदभाव न करण्याची शपथ घेतली जाते. तुमच्यापैकी काहींनी ती घेतलीही असेल.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. 'सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोग आता उरलेला नाही', अशी घोषणा भारताने डिसेंबर २००५ अखेरच्या आकडेवारीवरून केली होती. मग त्यानंतर बारा वर्षांनी देशभर शपथ घेण्याची वेळ का आली? जो रोग संपला म्हणून सांगितले, त्याचे लाखाहून अधिक नवे रुग्ण दरवर्षी कुठून सापडत राहिले?

या प्रश्नांचे उत्तर केवळ वैद्यकशास्त्रात मिळत नाही. त्यासाठी इतिहासाकडे जावे लागते. रुग्ण कोणाला म्हणायचे आणि रोग संपला असे कधी म्हणायचे, या दोन्ही व्याख्या माणसांनी, विशिष्ट काळात, विशिष्ट कारणांसाठी केलेल्या असतात. त्या व्याख्यांनुसार कोणाला पकडले जाते, कोणाला औषध मिळते आणि कोण नोंदवहीतून गळतो हे ठरते. प्रस्तुत पाठात आपण भारतातील कुष्ठरोगविषयक धोरणाचा सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास या अंगाने पाहणार आहोत.

शब्दांविषयी एक सूचना. जुन्या इंग्रजी कायद्यांत 'लेपर' आणि जुन्या मराठीत 'महारोगी', 'रक्तपित्या' असे शब्द येतात. आज ते अपमानकारक मानले जातात. इतिहास सांगताना जिथे मूळ शब्द देणे आवश्यक आहे तिथेच ते दिले आहेत. इतरत्र 'कुष्ठरुग्ण' किंवा 'कुष्ठबाधित व्यक्ती' असे म्हटले आहे.

२. रोगाची तोंडओळख

पुढचे विवेचन समजण्यासाठी रोगाविषयी थोडी माहिती हवी. कुष्ठरोग हा जिवाणूमुळे होतो. नॉर्वेतील बर्गेन येथे गेरहार्ड आर्माउअर हॅन्सन यांनी १८७३ मध्ये हा जिवाणू शोधला. उपचार न घेतलेल्या सांसर्गिक रुग्णाच्या मुख्यतः नाकातोंडातून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म थेंबांतून तो पसरतो. बहुसंख्य माणसांच्या शरीरात या जिवाणूला तोंड देण्याची नैसर्गिक शक्ती असते, त्यामुळे संसर्ग होऊनही फार थोड्यांना रोग होतो. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे जातात. कधीकधी वीस वर्षेही लागतात.

रोगाचा खरा घाव त्वचेखालच्या चेतातंतूंवर, म्हणजे नसांवर असतो. नस बधिर झाली की हाताला चटका, पायाला काटा कळत नाही. जखम होते, चिघळते, पुन्हा होते. बोटे रोगाने 'झडत' नाहीत. वारंवारच्या न कळलेल्या जखमांनी ती झिजतात. म्हणजे ज्या जखमा आणि विकृती पाहून लोक घाबरतात, त्या रोगाचा परिणाम आहेत. त्या असलेला रुग्ण सांसर्गिक असेलच असे नाही. उलट, अंगावर एकही जखम नसलेला रुग्ण सांसर्गिक असू शकतो. हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे १८९८ चा कायदा वाचताना तो उपयोगी पडेल.

३. आनुवंशिक की सांसर्गिक?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटिश वैद्यकांचे अधिकृत मत असे होते की, कुष्ठरोग सांसर्गिक नाही. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने वसाहतींतून माहिती मागवून १८६७ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला आणि रुग्णांना सक्तीने वेगळे ठेवण्याचे कारण नाही असे मत दिले. याच काळात मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड हे कडू कवठाच्या बियांच्या तेलाचा कुष्ठरोगावर प्रयोग करत होते. त्याच जातीच्या झाडांचे तेल पुढे 'चालमोगरा तेल' म्हणून जगभर वापरले गेले आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेच या रोगावरचे मुख्य औषध होते.

मुंबई इलाख्यात काम करणाऱ्या हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांचे मत वेगळे होते. (शरीररचनाशास्त्राच्या 'ग्रे'ज अ‍ॅनाटॉमी' या ग्रंथातील चित्रे याच कार्टर यांनी काढली होती.) त्यांनी नॉर्वेला जाऊन तिथली व्यवस्था पाहिली आणि भारतातही रुग्णांना वेगळे ठेवावे असा आग्रह धरला. हॅन्सन यांच्या शोधानंतर संसर्गाचे मत बळावत गेले.

यात भर पडली ती एका मृत्यूची. हवाई बेटांतील मोलोकाई येथे कुष्ठरुग्णांची सेवा करणारे बेल्जियन धर्मगुरू फादर डेमियन स्वतः या रोगाने १८८९ मध्ये मरण पावले. एका युरोपीय माणसाला हा रोग झाल्याच्या बातमीने ब्रिटनमध्ये खळबळ उडाली. 'नॅशनल लेप्रसी फंड' उभा राहिला आणि त्याच्या वतीने १८९०–९१ मध्ये एक आयोग भारतात पाहणीसाठी आला. त्याचा अहवाल १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. आयोगाचे निष्कर्ष असे होते: रोग आनुवंशिक नाही, तो सांसर्गिक असला तरी संसर्गाचे प्रमाण अत्यल्प आहे, म्हणून सर्व रुग्णांना सक्तीने कोंडणे समर्थनीय नाही आणि शक्यही नाही.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की आता सक्तीचा कायदा होणार नाही. पण १८९७ मध्ये बर्लिन येथे पहिली आंतरराष्ट्रीय कुष्ठरोग परिषद भरली आणि तिने नॉर्वेच्या धर्तीवर विलगीकरणाचा पुरस्कार केला. पुढच्याच वर्षी भारतात कायदा आला. नॉर्वे आणि भारत यांत मात्र एक मोठा फरक होता. नॉर्वेच्या १८८५ च्या कायद्यानुसार ज्याला घरी वेगळी खोली मिळू शकते त्याला घरीच राहता येत असे. भारतातील कायद्याची गाठ वेगळ्याच माणसाशी घातलेली होती.

४. 'लेपर्स अ‍ॅक्ट', १८९८

१८९८ चा तिसरा कायदा 'लेपर्स अ‍ॅक्ट' म्हणून ओळखला जातो. त्यातील दोन व्याख्या नीट पाहू.

पहिली व्याख्या 'लेपर' या शब्दाची. ज्याला कुष्ठरोगाचा कोणताही प्रकार झाला आहे आणि ज्याच्या अंगावर व्रण पडू लागले आहेत अशी व्यक्ती, असा तिचा आशय होता. (व्रणांची ही अट १९२० च्या दुरुस्तीने बदलली.) आपण वर पाहिले की व्रण हे संसर्गाचे चिन्ह नव्हे. म्हणजे संसर्ग थांबवण्यासाठी कायदा केला असे मानले, तर तो सुरुवातीलाच चुकीच्या माणसाला शोधत होता.

दुसरी व्याख्या 'पॉपर लेपर' म्हणजे निर्धन कुष्ठरुग्णाची. जो सार्वजनिक ठिकाणी भीक मागतो, भीक मिळावी म्हणून आपल्या जखमा वा विकृती दाखवतो, किंवा ज्याला उपजीविकेचे कोणतेही दिसणारे साधन नाही, असा कुष्ठरुग्ण. अशा व्यक्तीला पोलिसांनी वॉरंटशिवाय पकडावे, तपासणी अधिकाऱ्यासमोर उभे करावे, आणि रोगाचा दाखला मिळाल्यावर दंडाधिकाऱ्याने तिला आश्रमात पाठवावे, अशी तरतूद होती. मात्र एखादा नातेवाईक वा स्नेही तिला सांभाळण्याची आणि भीक मागू न देण्याची लेखी हमी देत असेल तर तिला सोडता येत असे.

आता दोन माणसांची कल्पना करा. दोघांना एकच रोग, एकाच अवस्थेत आहे. एकाचे घर आहे, जमीन आहे, सांभाळणारे भाऊ आहेत. दुसऱ्याला घरच्यांनी बाहेर काढले आहे आणि तो देवळाच्या पायरीशी बसतो. कायद्याने पकडला जातो तो दुसरा. जिवाणूच्या दृष्टीने दोघांत काही फरक नाही. फरक आहे तो पैशाचा आणि आधाराचा. म्हणून अनेक इतिहासकार या कायद्याकडे रोगप्रतिबंधक कायद्यापेक्षा भिक्षेकऱ्यांना शहराच्या रस्त्यावरून हटवण्याचा कायदा म्हणून पाहतात.

जे रुग्ण निर्धन नव्हते त्यांच्यावरही काही बंधने घालता येत होती. अन्न, पेये, औषधे किंवा कपडे विकणे, ठरावीक सार्वजनिक विहिरी व तलावांवर आंघोळ करणे वा पाणी भरणे, भाड्याच्या गाडीतून जाणे अशा गोष्टींवर अधिसूचित क्षेत्रात मनाई करता येत असे. यात रेल्वेचा अपवाद होता.

हा कायदा संपूर्ण देशात आपोआप लागू नव्हता. प्रांतिक सरकारने क्षेत्र अधिसूचित करायचे आणि तिथे आश्रमाची सोय असायची, अशी पद्धत होती. आश्रमांत जागा थोड्या होत्या, रुग्ण खूप होते. त्यामुळे प्रत्यक्षात फार थोडे रुग्ण कोंडले गेले. पण कायद्याचा परिणाम केवळ कोंडलेल्यांच्या संख्येवरून मोजू नये. रोग म्हणजे पोलीस, रोग म्हणजे घर सुटणे, हे समीकरण त्याने पक्के केले. ज्याला पकडले जाण्याची भीती आहे तो डाग लपवतो. जो डाग लपवतो तो उशिरा डॉक्टरकडे जातो. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने सक्तीचे सर्वांत मोठे नुकसान हेच असते.

५. आश्रम, मिशन आणि वसाहती

सरकारने कायदा केला, पण आश्रम चालवले ते बहुतांशी इतरांनी. अंबाला येथे कुष्ठरुग्ण पाहून हेलावलेले वेलस्ली बेली यांनी १८७४ मध्ये आयर्लंडमध्ये 'मिशन टू लेपर्स' या संस्थेची सुरुवात केली. अलाहाबादजवळील नैनी, बंगालमधील पुरुलिया, मध्य प्रांतातील चांपा अशा ठिकाणी मिशनचे मोठे आश्रम चालत. मुंबईत १८९० मध्ये महापालिका आयुक्त अ‍ॅकवर्थ यांच्या पुढाकाराने माटुंग्याला बेघर कुष्ठरुग्णांसाठी आश्रम उभा राहिला. आज वडाळ्याचे अ‍ॅकवर्थ रुग्णालय म्हणून तो ओळखला जातो.

या आश्रमांचे मूल्यमापन एका वाक्यात करता येत नाही. तिथे अन्न, निवारा आणि जखमेवर मलमपट्टी मिळत होती, जी बाहेर कोणी देत नव्हते. त्याच वेळी स्त्री-पुरुषांना वेगळे ठेवणे, मुलांना आईवडिलांपासून दूर करणे, बाहेर जाण्यावर बंधने घालणे असे प्रकारही अनेक ठिकाणी होते.

विसाव्या शतकात भारतीय समाजातून वेगळ्या धर्तीचे प्रयत्न सुरू झाले. विनोबांच्या प्रेरणेने मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठधाम सुरू केले. सेवाग्राम आश्रमात परचुरे शास्त्री या संस्कृत पंडितांना गांधीजींनी आश्रय दिला आणि स्वतः त्यांच्या जखमा धुतल्या. हे १९३९ पासूनचे प्रसंग सर्वपरिचित आहेत. गांधीजींनी कुष्ठसेवेला आपल्या रचनात्मक कार्यक्रमातही स्थान दिले. अमरावतीत शिवाजीराव पटवर्धन यांचे तपोवन उभे राहिले. १९४९ मध्ये बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि पुढे वरोऱ्याजवळ आनंदवन आकाराला आले. रुग्णाने दान न घेता शेती, विणकाम, सुतारकाम करून जगावे हा तिथला आग्रह होता.

याशिवाय एक तिसरा प्रकार आहे, ज्याची नोंद पाठ्यपुस्तकांत क्वचित असते. घराबाहेर पडलेल्या रुग्णांनी रेल्वेरुळांजवळ, शहरांच्या कडेला, नदीकाठच्या पडीक जागेत स्वतःच वस्त्या वसवल्या. देशात अशा शेकडो कुष्ठवसाहती आजही आहेत. तिथे आता दुसरी-तिसरी पिढी राहते. त्यातल्या बहुतेकांना हा रोग कधीच झालेला नाही, पण पत्ता सांगितला की नोकरी मिळत नाही, हा त्यांचा अनुभव आहे. अनेक वसाहतींच्या जमिनीचे हक्कही आजवर स्पष्ट झालेले नाहीत.

६. कोंडण्याऐवजी शोधणे

१९४० च्या दशकात चित्र पालटले. १९४१ मध्ये अमेरिकेतील कार्व्हिल येथे सल्फोन गटातील औषधाचा गुण दिसून आला. त्यानंतर काही वर्षांतच चिंगलपेट येथे रॉबर्ट कॉक्रेन यांनी भारतात या गटातील औषधे वापरण्यास सुरुवात केली. डॅप्सोनची गोळी स्वस्त होती, तोंडाने घेता येत होती आणि घरी राहून घेता येत होती. म्हणजे कोंडण्याचे जे काही वैद्यकीय कारण सांगितले जात होते, तेही आता उरले नाही. याच सुमारास वेल्लोर येथे पॉल ब्रँड यांनी वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करून हात पुन्हा कामाला लावता येतात हे दाखवून दिले.

१९५१ मध्ये वर्ध्याला 'गांधी स्मारक कुष्ठ प्रतिष्ठान' स्थापन झाले. डॉ. रा. वि. वारदेकर यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेने सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी त्रिसूत्री प्रत्यक्षात आणली. कार्यकर्त्याने घरोघरी जाऊन प्रत्येक माणसाची त्वचा तपासायची, लोकांना रोगाची माहिती द्यायची आणि सापडलेल्या रुग्णाला त्याच्या गावातच औषध द्यायचे. १९५५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाने हीच पद्धत स्वीकारली. सुमारे वीस-पंचवीस हजार लोकसंख्येमागे एक निमवैद्यकीय कार्यकर्ता असे जाळे हळूहळू विणले गेले. सायकलवरून गावोगाव फिरणारा हा 'कुष्ठतंत्रज्ञ' जुन्या पिढीतील लोकांच्या आठवणीत असेल.

१८९८ च्या कायद्यातील पोलीस आणि १९५५ नंतरचा हा कार्यकर्ता, दोघेही रुग्ण शोधत होते. पण एकाच्या येण्याने घर सुटत होते आणि दुसऱ्याच्या येण्याने घर टिकत होते. धोरणातील बदल याहून सोप्या शब्दांत सांगता येणार नाही. मात्र जुना कायदा या काळातही रद्द झालेला नव्हता, हेही विसरू नका.

डॅप्सोनला एक मर्यादा होती. ते वर्षानुवर्षे, काही रुग्णांत जन्मभर घ्यावे लागे. अनेकांनी मध्येच सोडले. एकाच औषधावर अवलंबून राहिल्याने जिवाणू त्याला दाद देईनासे झाले. अशा औषधरोधाचा पुरावा १९६४ मध्ये मिळाला.

७. 'दहा हजारी एक'

१९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने रिफॅम्पिसिन, क्लोफॅझिमिन आणि डॅप्सोन या तीन औषधांचा एकत्रित उपचार सुचवला. यालाच बहुविध औषधोपचार म्हणतात. १९८३ मध्ये भारताने आपल्या कार्यक्रमाचे नाव 'नियंत्रण' ऐवजी 'निर्मूलन' असे केले आणि टप्प्याटप्प्याने जिल्ह्याजिल्ह्यांत हा उपचार नेला. परिणाम मोठा होता. लाखो माणसे बरी झाली. हे यश निर्विवाद आहे आणि पुढची चिकित्सा वाचताना ते नजरेआड करू नका.

१९९१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने उद्दिष्ट ठरवले: २००० पर्यंत कुष्ठरोग 'सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून' दूर करायचा. याचा अर्थ, दर दहा हजार लोकसंख्येमागे उपचाराखालील नोंदलेल्या रुग्णांची संख्या एकाहून कमी करायची. इंग्रजीत याला 'एलिमिनेशन' म्हणतात. रोगाचे समूळ उच्चाटन म्हणजे 'इरॅडिकेशन', जसे देवीच्या रोगाचे झाले. मराठीत दोन्हींसाठी सर्रास 'निर्मूलन' हा शब्द वापरला जातो आणि तिथेच गैरसमजाला सुरुवात होते.

या मोजणीचे गणित एका उदाहरणाने समजून घ्या. समजा, एका तालुक्यात दरवर्षी १० नवे रुग्ण सापडतात आणि प्रत्येकाला दोन वर्षे औषध द्यावे लागते. मग कोणत्याही दिवशी नोंदवहीत साधारण २० नावे असतील. आता उपचाराचा काळ एक वर्षावर आणला, तर नोंदवहीत १० नावे राहतील. रुग्णसंख्येचा दर निम्मा झाला, पण नव्या रुग्णांची संख्या तेवढीच आहे. प्रत्यक्षातही बहुजिवाणू रुग्णांचा उपचारकाळ १९९७ नंतर २४ महिन्यांवरून १२ महिन्यांवर आणण्यात आला. काळ कमी करण्याला वैद्यकीय आधार होता आणि रुग्णाच्या दृष्टीने ते सोयीचेही होते. पण त्यामुळे आलेली घट म्हणजे रोगाच्या प्रसारातील घट नव्हे.

आकडे पाहा. १९८० च्या दशकाच्या आरंभी भारतात दहा हजारी सत्तावन्नच्या आसपास रुग्ण होते. डिसेंबर २००५ मध्ये हा दर ०.९५ झाला आणि उद्दिष्ट गाठल्याचे जाहीर झाले. याच सुमारास नव्या रुग्णांची वार्षिक संख्या २००३–०४ मधील सुमारे ३.६७ लाखांवरून २००५–०६ मध्ये सुमारे १.६१ लाखांवर आली. ज्या रोगाची लक्षणे दिसायला सरासरी पाच वर्षे लागतात, त्याचे नवे रुग्ण दोन वर्षांत निम्म्याहून कमी होणे केवळ प्रसार थांबल्यामुळे शक्य नाही. शोधण्याची पद्धत बदलली, घरोघर तपासणी कमी झाली, निदानाची पुन्हा खातरजमा होऊ लागली, या सर्वांचा त्यात वाटा होता.

८. घोषणेनंतर

समस्या संपल्याचे जाहीर झाले की पैसा आणि माणसे दुसरीकडे जातात, हे स्वाभाविक आहे. कुष्ठरोगासाठीची स्वतंत्र यंत्रणा या काळात सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन झाली. या विलीनीकरणामागचा विचार चांगला होता: कुष्ठरुग्णानेही इतरांसारखे प्राथमिक आरोग्य केंद्रातच जावे, वेगळ्या दारातून नव्हे. पण अनुभवी कार्यकर्ते निवृत्त झाले, त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत, आणि नव्या डॉक्टरांना हा रोग ओळखण्याचा सराव राहिला नाही. घरी जाऊन शोधण्याऐवजी 'रुग्ण स्वतः येईल' असे धोरण झाले. आता विचार करा: न दुखणारा, न खाजणारा, बधिर असा फिकट डाग घेऊन रोजगार बुडवून कोण दवाखान्यात येईल?

पुढील दशकभर नव्या रुग्णांची संख्या वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास अडून राहिली. जगातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात होते. त्यांत लहान मुले होती, म्हणजे प्रसार चालू होता. त्यांत दिसणारी विकृती आलेले रुग्ण होते, म्हणजे निदान उशिरा होत होते. २०१६ मध्ये सरकारने निवडक जिल्ह्यांत पुन्हा घरोघर शोधमोहीम हाती घेतली, 'आशा' कार्यकर्त्यांना त्यात घेतले, आणि लपलेले रुग्ण हजारोंच्या संख्येने समोर आले.

कोविडच्या काळात हाच धडा पुन्हा मिळाला. २०२०–२१ मध्ये नवे रुग्ण एकदम सुमारे ६५ हजारांवर आले. रोग कमी झाला नव्हता. शोधणारे घरी बसले होते. २०२२–२३ मध्ये संख्या पुन्हा एक लाखाच्या वर गेली. जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय आराखड्याने आता 'दहा हजारी एक' ऐवजी प्रसारच थांबवण्याचे उद्दिष्ट २०२७ पर्यंत ठेवले आहे. मोजमाप बदलणे हीसुद्धा धोरणातील मोठी घटना असते, हे यावरून दिसते.

९. कायद्यात उरलेला रोग

औषधाने शरीरातील जिवाणू मेले, पण कायद्याच्या पुस्तकातून रोग सहज गेला नाही. काही राज्यांनी १८९८ चा कायदा आपापल्या हद्दीत आधीच रद्द केला होता. केंद्राच्या पातळीवर तो रद्द व्हायला २०१६ साल उजाडले. दरम्यान, १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यात कुष्ठरोगी भिक्षेकऱ्याला वेगळे अडकवून ठेवण्याची तरतूद आली. हा कायदा पुढे दिल्लीलाही लागू झाला. जुन्या 'पॉपर लेपर'ची सावली स्वतंत्र भारताच्या कायद्यावर पडली ती अशी. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या कायद्यातील भीक मागण्याला गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरवल्या.

विवाहविषयक कायद्यांत जोडीदाराला कुष्ठरोग असणे हे घटस्फोटाचे कारण मानले जात होते. याचा फटका स्त्रियांना अधिक बसला, कारण घर सोडावे लागे ते बहुधा त्यांनाच. ओडिशाच्या १९५० च्या नगरपालिका कायद्यानुसार कुष्ठरुग्ण निवडणुकीस अपात्र होता. ही तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये वैध ठरवली. मात्र आजच्या वैद्यकीय ज्ञानाच्या प्रकाशात विधिमंडळाने तिचा फेरविचार करावा असेही सुचवले. एप्रिल २०१५ मध्ये विधी आयोगाने आपल्या २५६व्या अहवालात असे भेदभाव दूर करण्याची शिफारस केली. २०१९ च्या वैयक्तिक कायदे दुरुस्ती अधिनियमाने पाच केंद्रीय कायद्यांतून कुष्ठरोगाचा उल्लेख काढून टाकला. यांतील सर्वांत जुना कायदा १८६९ चा आहे. म्हणजे उपचार उपलब्ध झाल्यानंतरही जवळजवळ सत्तर वर्षे ही तरतूद टिकली.

तुलनेसाठी जपानचे उदाहरण पाहा. तिथेही सक्तीच्या विलगीकरणाचा कायदा १९९६ पर्यंत चालू होता. पण २००१ मध्ये कुमामोतो येथील न्यायालयाने सरकारला दोषी धरले आणि सरकारने रुग्णांची माफी मागून भरपाई दिली. भारतात कायदा रद्द झाला. तो ज्यांच्यावर राबवला गेला त्यांच्याविषयी मात्र असे काही घडले नाही.

१०. समारोप

या इतिहासातून तीन गोष्टी हाती लागतात. पहिली, दुर्बल घटकांसाठी म्हणून केलेला आरोग्यविषयक कायदा पुष्कळदा रोगाकडे न पाहता गरिबीकडे पाहतो. म्हणून कायद्याचे नाव नव्हे, त्याची व्याख्या वाचावी. दुसरी, भीतीने रुग्ण लपतो आणि विश्वासाने तो पुढे येतो. हे तत्त्व क्षयरोग, एचआयव्ही, मानसिक आजार यांनाही लागू पडते. तिसरी, 'दर कमी झाला' असे वाचले की त्या दराचा अंश काय, छेद काय आणि मोजायला कोण गेले होते, हे विचारावे.

तुमच्या जिल्ह्यात कुष्ठवसाहत असेल तर तिचा इतिहास बहुधा कुठेही लिहिलेला नाही. तिथली वृद्ध माणसे अजून आहेत. त्यांच्या संमतीने, त्यांची ओळख जपून, त्यांच्या आठवणी नोंदवणे हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला करता येण्याजोगे काम आहे, आणि त्याला फार उशीर करून चालणार नाही.

विचारासाठी प्रश्न

१) १८९८ च्या कायद्यातील 'पॉपर लेपर' ही व्याख्या वैद्यकीय होती की सामाजिक? सकारण लिहा.
२) पोलिसांनी रुग्ण शोधणे आणि आरोग्य कार्यकर्त्याने रुग्ण शोधणे यांतील फरक स्पष्ट करा.
३) उपचाराचा काळ कमी केल्यास नोंदलेल्या रुग्णांचा दर का घटतो? स्वतःचे उदाहरण घेऊन दाखवा.
४) स्वतंत्र कुष्ठरोग यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन करण्याचे फायदे आणि तोटे सांगा.
५) तुमच्या राज्यातील एखाद्या कायद्यात वा नियमात आजाराच्या आधारे अपात्रता आहे का, याचा शोध घ्या आणि ती आज टिकावी का यावर टिपण लिहा.